पहिली ते चौथीसाठी आरोग्याचा मैदानी दिवस: मैदान लहान, पट १६०, काय काय करता येईल?

तिसरीच्या बाई:

नमस्कार मंडळी. पर्वती-सहकारनगर भागात आमची मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी, पट १६०. जानेवारीत एका शनिवारी सकाळच्या शाळेच्या वेळात ‘आरोग्य’ हा विषय घेऊन मैदानी दिवस करायचा असं मोठ्या बाईंनी ठरवलंय आणि आखणी माझ्या गळ्यात पडली आहे. गेल्या वर्षी याच विषयावर वक्तृत्व स्पर्धा होती. ‘आरोग्य हीच खरी संपत्ती’ पाठोपाठ अकरा मुलांच्या तोंडून ऐकल्यावर पहिलीचा अर्धा वर्ग माना टाकून झोपला होता, त्यामुळे या वेळी मैदान.

आता आमची बाजू सांगते. मैदान मुरमाचं, तिरकं मोजलं तर चाळीस-पंचेचाळीस मीटर. दोन गुलमोहर, दोन नळ. आम्ही शिक्षक सात, एक शिपाईमामा, एक मावशी. पालकांपैकी दहा-बाराजण येतो म्हणालेत (म्हणजे सात येतील). खर्चाला पाच हजार.

आत्तापर्यंत कागदावर आहे ते असं: प्रार्थना, पाहुणे डॉक्टरांचं भाषण, सगळ्यांची वजन-उंची, ५० मीटर धावणे, लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, संगीत खुर्ची, पौष्टिक डबा स्पर्धा, बक्षीस समारंभ. हे बघून माझं मलाच वाटतंय की यात आरोग्य फक्त फलकावर आहे. काय ठेवू, काय काढू? आणि सुरुवात किती वाजता करावी? जानेवारीत सातला मुलं स्वेटरमधून हात बाहेर काढायला तयार नसतात.

निवृत्त पीटी:

बाई, नमस्कार. आधी जरा हिशेब करू.

१६० मुलं, एका वेळी सहा धावणार, म्हणजे २७ फेऱ्या. रांग लावा, नावं पुकारा, कुणाची नाडी सुटली ती बांधा, कुणी शिट्टीआधीच पळालं त्याला परत आणा. एका फेरीला तीन मिनिटं कुठे गेली कळत नाही. ऐंशी मिनिटं गेली आणि प्रत्येक मूल दहा-बारा सेकंद धावलं. उरलेला वेळ उन्हात मांडी घालून टाळ्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आणि आपण खेळाच्या दिवशीच त्यांना बसवून ठेवतो. संगीत खुर्ची तर त्याहून वाईट. जो सगळ्यात मंद, त्याला आपण सगळ्यात आधी बाहेर बसवतो. खेळण्याची गरज त्यालाच जास्त असते.

तेव्हा माझं मत एकच: त्या सकाळी कुठलंही मूल दोन मिनिटांच्या वर रिकामं बसता कामा नये. बाकी सगळं यातून आपोआप ठरतं.

मुलांचे वीस-वीसचे आठ गट करा. मैदानावर फक्कीने आठ जागा आखा. दहा मिनिटं खेळ, तीन मिनिटं पाणी पिऊन पुढच्या जागी जाणं. आठ गुणिले तेरा मिनिटं म्हणजे पावणेदोन तासांच्या आत सगळ्यांचे सगळे खेळ होतात. साडेआठला सुरू केलंत तर सव्वादहाला संपतं. साडेआठच्या आधी नको; थंडीत आखडलेली मुलं थेट पळवली की पडतात. पहिली पाच मिनिटं जागच्या जागी उड्या, हात फिरवणं, हळू धावणं. सूर्यनमस्कार शाळेत रोज होत असतील तर तेच घ्या, नसतील तर त्या दिवशी नव्याने शिकवत बसू नका.

गट करताना पहिली-दुसरीचे चार आणि तिसरी-चौथीचे चार. ‘मोठ्यांनी छोट्यांना सांभाळायचं’ हे ऐकायला गोड आहे, पण पळापळीत चौथीतला मुलगा पहिलीतल्याला आडवा करतो. खेळ तेच ठेवा, छोट्यांसाठी रेघ जवळ आणा.

आता खेळ. लगोरी (स्पंजचा चेंडू, दोन डाव शेजारी शेजारी) आणि लंगडीची साखळी-शर्यत यांना काही समजावायला लागत नाही. खो-खो छोट्या अंतरावर घ्या. मुलांना एवढंच सांगा की या खेळाचे नियम १९१४ मध्ये आपल्या पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर बसून ठरवले गेले. चौथीची मुलं अशा गोष्टीने फार फुगतात.

डासाचा खेळ मात्र मनापासून घ्या. करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या, बाटल्यांची झाकणं, फुटके डबे, एखादा जुना टायर असं तीस-चाळीस नग मैदानाच्या एका कोपऱ्यात पसरायचं. सगळं कोरडं, पाणी घालायचं नाही. दहा मुलं डास, दहा मुलं ‘कोरडा दिवस’. डासांनी भांडी सुलटी करायची, दुसऱ्यांनी पालथी. दोन मिनिटांनी मोजायचं, बाजू बदलायच्या. धाप लागते, हसून हसून पोट दुखतं, आणि मग अर्ध्या मिनिटात सांगून टाकायचं: डेंग्यूचा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा घरातली भांडी पालथी. रविवारचा अभ्यास: फ्रिजच्या मागचा ट्रे आणि बाल्कनीतल्या ताटल्या बघून येणे. हा अभ्यास आईबापांनाच जास्त होतो.

लिंबू-चमचा काढू नका, त्यात लिंबाऐवजी वाळू घ्या. शीतपेयाची ३०० मिलीची रिकामी बाटली पलीकडे ठेवायची आणि तिच्यात जेवढी साखर असते तेवढे चहाचे सपाट चमचे वाळू एकेकाने धावत नेऊन ग्लासात टाकायची. बाटलीवर १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम छापलेलं असतं. एका चमच्यात चार-साडेचार ग्रॅम धरा, म्हणजे सात-आठ चमचे झाले. गटातली पोरं पळून दमतात तरी ग्लास भरतच असतो. भाषण नको, ग्लास दाखवा.

दोरीच्या उड्यांच्या जागेवर नाडी मोजायला शिकवा. आधी बसून, मग शंभर उड्या, मग लगेच. तिसरी-चौथीला ३० सेकंद मोजून दुप्पट करता येतं. पहिली-दुसरीला मनगटावर सापडत नाही, त्यांनी छातीवर हात ठेवावा, ठोके कळतात तेवढं पुरे.

सातवी जागा ‘ताट भरा’: एका टोकाला पालेभाजी, गाजर, काकडी, डाळीची पुरचुंडी, अंडं (लाकडी), भाकरीचं चित्र वगैरे, दुसऱ्या टोकाला रिकामं ताट. एका वेळी एकच वस्तू आणायची, पूर्ण जेवण जमलं पाहिजे. आठवी हात धुण्याची.

हात धुण्याला दोन नळ पुरणार नाहीत. वीस मुलं, दोन नळ, प्रत्येकाला साबणासकट मिनिटभर. दहा मिनिटं तिथेच संपली आणि रांगेत ढकलाढकली. चार बादल्या, चार तांबे, पाणी घालायला चार पालक. हातावर खोबरेल तेलाचा थेंब आणि चिमूटभर हळद चोळायची, आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगायचं, मग साबणाने. हळद कुठे उरते ते मुलं स्वतःच बघतात: अंगठ्याच्या मागे आणि नखांत.

जागा बदलायला शिट्टी वापरू नका. आठ जागांवर आठ शिट्ट्या वाजल्या की कुणाला काही कळत नाही. पुण्यात ताशा वाजवणारा मुलगा शोधायला कष्ट नाहीत, कुठलाही माजी विद्यार्थी पथकात असेलच. ताशा वाजला की पुढे. शिट्टी फक्त एकाच माणसाकडे, आणि ती वाजली की सगळं मैदान जागच्या जागी थांबलं पाहिजे. सुरुवातीला दोनदा सराव करून घ्या.

आणि भाषण? डॉक्टरांना नाडीच्या जागेवर उभं करा. आठही गट त्यांच्याकडे येतील.

एक पुणेकर:

वर्षभर मुलं व्हॅनमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून शाळेत येणार, पीटीच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पूर्ण होणार, आणि एका शनिवारी आरोग्य. असो. सरांचा ताशा आवडला.

बाल-डॉक्टर, बिबवेवाडी:

बाई, वजन-उंची सगळ्यांसमोर करू नका, ही कळकळीची विनंती. काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला जातो आणि दुपारपर्यंत एका मुलाला टोपणनाव पडलेलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत येतं, ते काम त्यांचं आहे आणि ते वर्गात, एकेकाला बोलावून होतं. मैदानी दिवसात त्याची गरज नाही.

सरांच्या जागेवर उभं राहायला मला आवडेल. बसलेल्या मुलाचे ठोके या वयात मिनिटाला साधारण ७५ ते ११० असतात आणि उड्यांनंतर दीडशेच्या घरात जाऊ शकतात. हे आकडे फलकावर आधीच लिहून ठेवा, नाहीतर ‘माझ्या मुलीचे १४० आले’ म्हणून संध्याकाळी मला फोन.

मला काळजी वाटते ती तीन गोष्टींची. शनिवारी सकाळी अर्धी मुलं दूध-बिस्किटावर येतात, काही तेही न घेता. आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवा: पोहे, उपमा, पोळी, जे असेल ते खाऊन या. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणारी मुलं बहुतेक उपाशी असतात.

दुसरं, दमा. पुण्यात जानेवारीची सकाळ थंड, कोरडी आणि धुरकट. धावल्यावर छाती भरणारी मुलं वर्गशिक्षकांना ठाऊक असतात. त्यांचा पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) त्या दिवशी दप्तरात नको, बाईंच्या हातात हवा. आणि मैदान कोरडं झाडू नका, आदल्या संध्याकाळी पाणी मारा.

तिसरं, प्रथमोपचाराची पेटी चांगली असते, पण सल्ले देणारे दहाजण असतात. खरचटलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायचं, मुरूम निघेपर्यंत. हळद, कॉफी, पेस्ट काही नाही. नाकातून रक्त आलं तर मूल बसवून पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. डोकं मागे टाकायचं नाही. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा आणि चप्पल लांब ठेवायची. १०८ क्रमांक शिक्षकांपैकी कोण लावणार हे नाव आधी ठरवा.

ओआरएसबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो: दीड-दोन तासांच्या खेळाला, जानेवारीत, साधं पाणी पुरे. ओआरएस जुलाबासाठी आहे. कुणी पालक प्रेमाने टेट्रा पॅकचे खोके घेऊन आले तर लेबल वाचा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ काढायला लावलं, ते उगाच नाही. त्यातल्या साखरेनेही सरांचा ग्लास भरेल.

धायरीची आई:

सर, सगळं मान्य, पण हळद नको! पांढऱ्या शर्टावरची हळद कोण काढणार? दालचिनीची पूड घ्या, तेलात तीही तशीच चिकटते, आणि मुलांना वासही आवडतो. अगदी चिमूट पुरते, त्यामुळे खर्चाचं कारण सांगू नका.

पाण्याचं मी सांगते, कारण आमच्याकडे तो विषय अजून दुखरा आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण निघाले आणि दूषित पाण्याचं नाव पुढे आलं, तेव्हापासून माझ्या सोसायटीतल्या बायका मुलांना बाहेरचा घोटही घेऊ देत नाहीत. तुम्ही पिंप भरून ठेवलंत तरी निम्मी मुलं ‘आईने नाही सांगितलंय’ म्हणतील. प्रत्येकाने घरून उकळलेल्या पाण्याची बाटली आणायची, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव. पिंप फक्त बाटली संपलेल्यांसाठी, उकळून गार केलेलं, तोटीचं. सार्वजनिक ग्लास अजिबात नको.

पौष्टिक डबा स्पर्धा रद्द करा हो बाई. तो डबा मूल करत नाही. आदल्या रात्री अकरापर्यंत आया बीटाची गुलाबं कातरत बसतात, आणि जिची आई सकाळी सहाला कामावर जाते ती पोर पोळी-चटणीचा डबा झाकून ठेवते. आणि ती पोळी-चटणी मुळात चांगलीच असते.

त्याऐवजी सगळ्यांना सारखंच द्या. केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. पेरूही येतात त्या दिवसांत, पण चिरायचे नाहीत. चिरलेलं फळ, धुतलेला चाकू, कुणाचे हात, हा सगळा गोंधळ नको. छोटे अख्खे पेरू धुऊन द्या. मार्केट यार्डात पहाटे कुणी पालक गेला तर घाऊक भावात मिळतात आणि १६० मुलांचं भागतं. शेंगदाण्याची चिकी मलाही आवडते, पण कुणाला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे वर्गवार विचारल्याशिवाय नको. नाचणीचे लाडू आमच्या गटातल्या आज्या करून देतील. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे त्यांना आता माहीत झालंय, तेव्हापासून त्यांना अडवणं अवघड आहे.

आणि फाटकाबाहेरच्या गोळ्या-वेफर्सवाल्या काकांचं काय? २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. पण त्यांना हाकलण्यापेक्षा त्या दिवशी बोरं आणि केळी ठेवायला सांगा. मी आमच्या फाटकावर बोलले होते, ते तयार झाले.

हडपसरकर:

तारखेबद्दल एक सुचवतो. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, शाळांमध्ये बालिका दिन म्हणून साजरी होतेच. तो वार जमला नाही तर जवळचा शनिवार. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या, त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पुण्यातल्या मुलांना आरोग्य म्हणजे काय हे सांगायला याहून जवळचं काही नाही. मोठ्या बाईंना भाषण करायचंच असेल तर ही गोष्ट पाच मिनिटांत सांगायला द्या.

तिसरीच्या बाई:

सगळ्यांचे आभार, मी वहीत उतरवून घेतलंय. वजनकाटा, डबा स्पर्धा आणि खुर्च्या रद्द. दालचिनी मान्य.

पण दोन अडचणी आहेत. एक, संस्थेचे पदाधिकारी येणार, त्यांना पदकं द्यायची आहेत. ‘पहिला-दुसरा-तिसरा नाही तर खेळ कसले’ असं स्पष्ट ऐकवलं गेलंय. ५० मीटर धावणं काढलं तर मोठ्या बाई अडचणीत येतील. दुसरं, माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या पायात कॅलिपर (आधाराची पट्टी) आहे. दर वर्षी त्याला गुण लिहायला बसवतात. या वेळी मला तसं करायचं नाही, पण लंगडी आणि खो-खोच्या जागेवर त्याचं काय करू?

निवृत्त पीटी:

बाई, पदकांचं सोपं आहे. निवड फेऱ्या आदल्या आठवड्यात पीटीच्या तासांना उरका, वर्गवार. त्या दिवशी शेवटी फक्त अंतिम शर्यती, आठच: प्रत्येक इयत्तेतली मुलींची एक, मुलांची एक. पंधरा मिनिटांत संपतात, पाहुणे तेवढ्यासाठी दहाला आले तरी चालतं, आणि फोटोही होतो. तुमच्या मैदानात ५० मीटर बसत नाहीत. ३० मीटर आखा आणि शेवटच्या रेघेपुढे आठ-दहा मीटर मोकळी जागा सोडा. लहान मूल रेघेवर थांबत नाही, भिंतीवर थांबतं. भिंतीच्या बाजूला शेवट कधीच नको. गटांनाही गुण हवे असतील तर जिंकण्याचे देऊ नका, ‘शेवटच्या मुलापर्यंत सगळे खेळले’ याचे द्या. मग गटच आपापल्या मंद भिडूला ओढून नेतो.

कॅलिपरवाल्या मुलाचं आधी त्यालाच विचारा. डासाच्या खेळात तो एका जागी बसून हाताच्या टप्प्यातली भांडी पालथी करू शकतो. त्याच्याभोवती जरा दाट पसरा, तो भाग त्याचा किल्ला. लगोरीत नेम त्याचा, धावणं दुसऱ्याचं. वाळूच्या शर्यतीत मापाचा चमचा सपाट करून देणारा एकजण लागतोच, पण ते काम त्याच्याकडे कायमचं नको, दोन फेऱ्यांनी बदला, नाहीतर तेही गुण लिहिण्यासारखंच झालं. खो-खोच्या वेळी त्याला चेंडूफेक द्या, शेजारी बादली ठेवून, आणि गटातले आणखी दोघं-तिघं त्याच्याबरोबर आळीपाळीने पाठवा. लंगडीला मात्र त्याच्या गटापुरता नियमच बदला: एक पाय उचलायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, समोरच्या रेघेपर्यंत जाऊन परत यायचं. छोटी मुलं यावर वाद घालत नाहीत. वाद झालाच तर पालक घालतील, त्यांना हात धुण्याच्या बादल्यांवर पाठवा.

आणि एक राहिलं. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि पाणी आदल्या दिवशी स्वतः बघून घ्या. दोन तास पाणी प्यायला सांगायचं आणि तिथे रांग लागली की मुली पाणी पिणंच बंद करतात. गट जागा बदलतात त्या तीन मिनिटांत मावशींना दारापाशी उभं करा.

तिसरीच्या बाई:

कडी तुटकी आहे. सोमवारी मामांना सांगते.